‘कशावरून?’ : पाचवी-सहावीच्या मुलांना परिच्छेद शिकवतानाच्या नोंदी

जागा : सोलापूर, पूर्व भाग, एका वाचनालयाची माडीवरची खोली. मुलं २२, सगळी मराठी माध्यमाची. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, दोन-तीन घरांत कन्नड. बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी दीड-दीड तास. उद्या दुसरं कुणी हेच काम हातात घेईल, तेव्हा माझा जेवढा वेळ वाया गेला तेवढा त्यांचा जाऊ नये म्हणून या नोंदी ठेवते आहे. मुलांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज काहीच शिकवलं नाही. फळ्यावर ‘गड्डा’ एवढाच शब्द लिहिला आणि म्हटलं, यावर एक परिच्छेद लिहा.

“बाई, किती ओळींचा?”

तुम्हाला वाटेल तेवढा, म्हटल्यावर खोली एकदम गप्प झाली. मग खिडकीजवळच्या मुलीनं हळूच विचारलं, “दहा लिहू का?”

२२ पैकी १९ जणांनी आकडे घालून दहा ओळी लिहिल्या. त्यातली एक वही अशी : १) गड्डा ही सोलापूरची यात्रा आहे. २) गड्डा जानेवारीत असतो. ३) गड्डा होम मैदानावर भरतो. ४) गड्ड्यात पाळणे असतात. ५) गड्ड्यात खूप गर्दी असते. ६) मला गड्डा आवडतो. पुढच्या चार ओळीही याच वळणाच्या.

रात्री घरी मी ही दहा वाक्यं उलट्या क्रमानं वाचून बघितली. काहीच बिघडलं नाही. वाक्यं शुद्ध आहेत, अक्षर चांगलं आहे, पण एकाही वाक्याला शेजारच्या वाक्याची गरज नाही. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ‘माझी शाळा’, ‘गाय’, ‘माझा आवडता सण’ यांवर दहा ओळी लिहायचं काम त्यांना लहानपणापासून मिळत आलंय आणि ती ते नेटकं करतात.

उरलेल्या तिघांपैकी दोघांनी काही लिहिलं नाही. एकानं चार ओळी सलग लिहिल्या, त्याही पाळण्यात बसल्यावर पोटात कसं होतं याच्या. त्या वेळी त्या वहीकडे मी नीट लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आजची चूक मोठी आणि सगळ्यांच्या हातून होण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फळ्यावर परिच्छेदाचा साचा काढला. पहिलं वाक्य विषय सांगणारं, मधली तीन-चार वाक्यं माहिती देणारी, शेवटचं वाक्य समारोपाचं. चाळीस मिनिटं मी बोलत होते. मुलांनी साचा रंगीत पेनानं वहीत उतरवून घेतला. मग लिहायला सांगितलं, तर २२ वह्यांत जवळजवळ हेच आलं : “मला गड्डा खूप आवडतो. गड्ड्यात पाळणे असतात. गड्ड्यात भेळ मिळते. गड्ड्यात गर्दी असते. म्हणून मला गड्डा खूप आवडतो.”

म्हणजे आकडे गेले, दहाच्या पाच ओळी झाल्या आणि पहिलं वाक्य ‘म्हणून’ लावून खाली पुन्हा येऊन बसलं. गर्दी असते म्हणून गड्डा आवडतो का, असं एकाला विचारलं. तो म्हणाला, “नाही बाई, गर्दीत आमची चप्पल हरवली होती.” हे वहीत कुठंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

घरून एक जुनी चादर नेली होती. वाटलं, यंत्रमागावरच्या घरांतली मुलं आहेत, ताण्या-बाण्याचा, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा, दाखला लगेच पटेल. विषय म्हणजे ताणा, वाक्यं म्हणजे बाणा, दोन्ही घट्ट बसले की परिच्छेदाचं कापड तयार. मुलांनी माना डोलावल्या. लिहायला लावलं तर परत तेच, म्हणून मला गड्डा खूप आवडतो. दाखला मला पटला होता, त्यांच्या हाताला त्याचा काही उपयोग नव्हता.

पण एका मुलानं विचारलं, “बाई, ताणा तुटला तर माग थांबवावा लागतो. परिच्छेदात काय थांबतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात टॉवेलच्या कारखान्यात आई असलेल्या मुलीनं त्याला विचारलं, ताणा राहू दे, कांडी संपल्यावर तुझे बाबा काय करतात? आणि तो सांगायला लागला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा ठोकळा, त्यातली सूत गुंडाळलेली कांडी संपली की आधी माग थांबवायचा. “का?” नाही थांबवला तर धोटा रिकामाच पळत राहतो आणि कापडात पट्टा मोकळा पडतो. “मग?” मग ते कापड मालक बाजूला काढतो. “पैसे कापतात?” हो, कापतात. मग रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यायचं. त्याचे आजोबा ते टोक तोंडानं ओढायचे.

जवळजवळ दहा मिनिटं हे चाललं. कुणी हललं नाही. मागून एक हसला तर दुसऱ्यानं त्याला दटावलं, “कशाला हसलालास बे, ऐक की.” मी तेवढ्यात फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं.

रात्री ते तीन वेळा ऐकलं. त्याचं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी प्रश्नातून आलं होतं. म्हणून एकही वाक्य जागचं हलवता येत नव्हतं. लिहिताना त्याच्यासमोर प्रश्न विचारणारं कुणी नसतं. मी फळ्यावर साचा काढत बसले होते आणि खरी उणीव ही होती.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, वर्ग नाही. घरी बसून त्या मुलाचं बोलणं कागदावर उतरवलं. पुनरावृत्ती काढून ९ वाक्यं राहिली. बाजारातून कार्डशीट आणली, १० शीट, १५० रुपये. प्रत्येक वाक्य एका पट्टीवर. सहा गटांसाठी सहा संच करायला साडेतीन तास लागले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस. बाहेर फटाके, गुलाल, हलग्या. तरीही १८ मुलं आली.

गटागटांना पट्ट्या वाटल्या, क्रम लावायला सांगितलं. चार मिनिटांत सहाही गटांचं बरोबर. मला फार आनंद झाला. मग एक पट्टी उलटी पडलेली दिसली. संच हरवू नयेत म्हणून मी पाठीमागे पेन्सिलीनं बारीक क्रमांक टाकले होते, आणि मुलांनी ते पहिल्याच मिनिटात शोधले होते. सगळे क्रमांक खोडून पुन्हा वाटल्या. या वेळी चार गटांचं बरोबर आलं, दोघांचं थोडं चुकलं.

पण दुसरी अडचण जास्त खरी आहे. पट्ट्यांवरचा मजकूर म्हणजे कांडी बदलण्याची कृती आहे. आधी काय, नंतर काय हे त्या कामातच ठरलेलं असतं. असा क्रम लावता आला म्हणून परिच्छेद कळला असं होत नाही. पुढचा मजकूर असा हवा, ज्यात घड्याळाचा क्रम कामाला येणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट : कार्डशीट महाग पडते आणि वाकते. एका पालकांनी टॉवेल भरायच्या खोक्यांचा पुठ्ठा आणून दिला. फुकट, आणि हाताला जाड लागतो. आधीच विचारलं असतं तर दीडशे रुपये वाचले असते.

३० नोव्हेंबर, शनिवार

बुधवारी पट्ट्यांचाच सराव झाला, वेगळं काही नाही. आजचा दिवस मात्र या सगळ्या नोंदींतला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा.

खेळ असा होता : परिच्छेदात एक ‘पाहुणं वाक्य’ घुसलंय, ते शोधून बाहेर काढा. मी लिहिलेला मजकूर असा :

“सोलापूर खाण्यासाठी आणि वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. इथं घरोघरी शेंगाची चटणी करतात. शेंगदाणे मंद आचेवर भाजतात. लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून उखळात कुटतात. कुटताना दाण्यांचं तेल सुटतं. सोलापूरची चादरही नावाजलेली आहे. चटणी भाकरीबरोबर खातात.”

चादरीचं वाक्य पाहुणं, असं माझ्या मनात होतं. २० पैकी सहा जणांनीच ते काढलं. बाकीचे गोंधळले. मला वाटलं, यांना कळलेलं नाही, आणि मी समजावायला उठले. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी (तीच, ‘दहा लिहू का’ विचारणारी) म्हणाली, “बाई, पहिल्या वाक्यात तुम्हीच ‘वस्तूंसाठी’ लिहिलंय. मग चादर पाहुणी कशी? ती घरचीच आहे.”

तिचं बरोबर होतं. माझ्या पहिल्या वाक्यानं दार एवढं मोठं उघडलं होतं की सोलापुरातलं काहीही आत येऊन बसू शकत होतं. हुरडा, कडक भाकरी, भुईकोट किल्ला, काहीही. मी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की चूक माझी आहे, आणि पहिलं वाक्य पुसून तिथं लिहिलं : “शेंगाची चटणी मिक्सरमध्ये केली तर तिला ती चव येत नाही.”

आता काय होतं बघा, म्हटलं. चादर लगेच बाहेर गेली, हात वर करायचीही गरज पडली नाही. मग एकानं भाकरीचं वाक्य काढलं. मी काढा म्हटलं नव्हतं. त्याचं कारण : “भाकरीबरोबर तर मिक्सरची पण खातात.” मग टॉवेलवाल्या आईच्या मुलीनं सांगितलं की इथं एक वाक्य कमी आहे. मिक्सरमध्ये काय होतं ते कुठंय? दोघी-तिघींनी एकदम सांगितलं : पीठ होतं, तेल आतच राहतं. ते वाक्य आम्ही फळ्यावर घातलं.

तीन आठवडे मी मुलांना विषय देत होते. विषयावर वाक्यं गोळा होतात, जुळत नाहीत. ‘गड्डा’ हा विषय झाला, ‘चटणी’ हाही विषयच. मुलांकडून म्हणणं मागायला हवं होतं. म्हणणं आलं की कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं काढायचं आणि कुठलं अजून आलेलं नाही, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही दिसतं. साचा लागत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

आज फक्त म्हणणं काढायचं, परिच्छेद नाही. कसोटी एकच ठेवली : तुमचं वाक्य ऐकून दुसऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारावंसं वाटलं पाहिजे. “गड्डा जानेवारीत असतो” याला कुणी कशावरून विचारत नाही. “पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत सगळ्यांचा आवाज मोठा होतो” याला विचारतात.

पहिल्या फेरीत सगळी म्हणणी डोंगराएवढी आली. सोलापूर जगात भारी आहे. आई देव आहे. झाडं लावली पाहिजेत. यांवर कशावरून विचारलं की मूल पाठ केलेलं काहीतरी सांगतं. मग अट घातली : स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं हवं आणि आपल्या घरापासून गल्लीच्या टोकापर्यंतचंच हवं. अट जितकी छोटी केली, तितकी वाक्यं चांगली आली. आलेल्यांपैकी काही : “आजी विड्या वळत असताना तिच्याशी बोलायचं नसतं.” “आमच्या बोळात क्रिकेट खेळलं तर बॅट्समनपेक्षा शेजारची काकू महत्त्वाची असते.” “बाबा रात्रपाळीला असले की आमचं घर दिवसा गप्प असतं.”

७ डिसेंबर, शनिवार

जोड्या केल्या. एकानं म्हणणं सांगायचं, दुसऱ्यानं फक्त तीनच प्रश्न विचारायचे : कशावरून? म्हणजे? मग? प्रत्येक उत्तर एका पट्टीवर.

आज मी एक नियम घातला, खोलीत मराठीतच बोलायचं. मराठी लिहायचंय तर मराठीत विचार झाला पाहिजे, असं मला वाटलं. पाच मिनिटांत खोली शांत झाली. ज्या मुलीनं आजीच्या विड्यांचं वाक्य दिलं होतं, ती ‘म्हणजे?’ या प्रश्नावर दोन मिनिटं पट्टीकडे बघत बसली. आजीशी ती तेलुगूत बोलते. आजीचं सगळं घर तिच्या डोक्यात तेलुगूत आहे. दीड तासात २० मुलांकडून मिळून ३१ पट्ट्या आल्या, बहुतेक एकेका शब्दाच्या.

११ डिसेंबर, बुधवार

नियम मागे घेतला आणि चुकीचा होता हेही सांगितलं. कशावरून, म्हणजे, मग हे प्रश्न मराठीत, उत्तर कुठल्याही भाषेत, पट्टी मराठीत. शब्द अडला तर शेजाऱ्याला विचारायचं. खोलीत प्रचंड गोंगाट झाला. खालून ग्रंथपाल काका दोनदा वर आले. पट्ट्या ९४.

आजीच्या नातीच्या पट्ट्या अशा होत्या : ती वळताना मनात मोजते. मध्ये बोललं की आकडा विसरतो. विसरला की पुन्हा पहिल्यापासून मोजते. तेवढ्या वेळात आणखी विड्या झाल्या असत्या. म्हणून आम्ही खाणाखुणा करतो. पाणी पाहिजे तर आजी अंगठा तोंडाकडे नेते.

तेलुगूतून येताना लिंगाच्या चुका होतात. ती पाणी, तो विडी. त्या आज तशाच राहू दिल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

जोडशब्दांची घाई केली. सगळ्यांच्या मजकुरात ‘आणि मग’ फार येत होतं, एकीच्या दहा वाक्यांत ते आठ वेळा होतं. म्हणून भिंतीवर यादी लावली : परंतु, तथापि, त्यामुळे, शिवाय, म्हणूनच, त्याचप्रमाणे. मुलांनी ते मिठासारखे पेरले. “तथापि आईनं पोळी केली” असं वाक्य आलं. ते वाचून मी यादी काढून टाकली.

त्याजागी तीनच पुठ्ठे : कारण, पण, म्हणून. दोन पट्ट्यांच्या मध्ये यांपैकी एक ठेवून मोठ्यानं वाचायचं. कानाला बसलं तर ठेवायचं, नाही तर मोकळं सोडायचं. बरीच जागा मोकळीच राहिली आणि तेच ठीक दिसलं. ‘पण’ला सगळ्यांत जास्त मागणी होती. ‘पण’ आला की मजकुराला वळण मिळतं, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

वह्या तपासताना लक्षात आलं की नऊ मुलांची वाक्यं दर आठवड्याला आखूड होत चाललीत. कारण माझं लाल पेन होतं. मी ऱ्हस्व-दीर्घ, लिंग, अनुस्वार सगळं खुणावत होते. जितकं कमी लिहावं तितक्या लाल खुणा कमी, हा हिशेब मुलांनी बरोबर केला होता. एकानं तर ‘विहीर’ लिहायची वेळ येऊ नये म्हणून हापसा लिहिला. त्यानं स्वतः सांगितलं.

आजपासून पहिल्या वाचनात एकच खूण : ज्या जागी मला प्रश्न पडला तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात, तेही मुलानं स्वतः शोधायचं, मी फक्त ओळीत किती चुका आहेत तो आकडा समासात लिहिणार. वाक्य हलवायचं असेल तर खोडायचं नाही, बाण काढून नव्या जागी न्यायचं. या बाणाचा मुलांना फार नाद लागला.

२८ डिसेंबर, शनिवार

आता पट्ट्या वहीत उतरवायच्या. इथं एक किरकोळ वाटणारी अडचण आठ दिवस खाऊन गेली. वाक्य संपलं की हात आपोआप पुढच्या ओळीवर जातो. ओळ भरेपर्यंत थांबायचं नाही, असं सांगितलं तर मुलं ओळीच्या टोकाला शब्द मध्येच तोडायला लागली. शेवटी पट्ट्या वहीत एकापुढे एक चिकटवून घेतल्या आणि त्यांच्याखाली तेच सलग लिहून काढायला लावलं. डोळ्यांनी एकदा बघितल्यावर हात वळला. पहिल्या ओळीत दोन बोटं जागा सोडणं सगळ्यांना लगेच जमलं. ते त्यांना शाळेतून माहीत होतंच, फक्त कशासाठी ते माहीत नव्हतं.

८ जानेवारी २०२५, बुधवार

एका मुलाची शाळेतली वही बघायला मिळाली. त्यानं निबंध नव्या पद्धतीनं लिहिला होता आणि शेरा होता, ‘मुद्दे अपुरे’. त्याची अम्मा वही घेऊन वर आली. तिनं सरळ विचारलं, “परीक्षेत मार्क गेले तर काय करायचं बाई?”

प्रश्न रास्त आहे. प्रश्नपत्रिकेत पाच मुद्दे दिलेले होते, यानं एकावरच लिहिलं. एक परिच्छेद चांगला झाला, पण विचारलेलं सगळं आलं नाही. शेरा देणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. मी ही बाजू सुरुवातीला विचारातच घेतली नव्हती. आजचा अख्खा तास त्यावर घालवला : दिलेल्या प्रत्येक मुद्द्याचं आधी एक म्हणणं करायचं. ‘पावसाळा : शेती’ असा मुद्दा असेल तर “पाऊस उशिरा आला की मामा फोनवर कमी बोलतो.” मग त्यावर दोन-तीन वाक्यं, नवा मुद्दा आला की नवा परिच्छेद. दोन परिच्छेद कुठं तोडायचे हा वेगळा धडा मी ठेवला होता, तो यातच उरकला. म्हणणं बदललं की ओळ सोडायची.

१८ जानेवारी, शनिवार

गड्ड्यामुळे ११ आणि १५ तारखेचे तास झाले नाहीत. आज फळ्यावर पहिल्या दिवशीचाच शब्द लिहिला. किती ओळी, असं कुणी विचारलं नाही. दोघांनी विचारलं, पट्ट्या घेऊ का?

२१ मुलं हजर. १३ जणांचा परिच्छेद धरून राहिला, म्हणजे वाक्य हलवलं की बिघडतो. पाच जणांचं म्हणणं चांगलं होतं, पण मध्ये तीन-चार पाहुणी वाक्यं शिरली. तिघांनी पुन्हा ओळीखाली ओळ लिहिली.

खिडकीजवळच्या मुलीचा परिच्छेद, लिंगवचन तिनंच दुसऱ्या वाचनात सुधारलेलं :

“गड्ड्यात पहिली चक्कर फुकट मारायची असते. कारण पहिल्याच दुकानाजवळ थांबलं तर सगळे पैसे तिथंच जातात. मागच्या वर्षी भावानं आल्या आल्या बासरी घेतली. पण पुढं त्याला बंदूक दिसली आणि तो रडला. म्हणून या वर्षी अम्मानं पैसे पदराला बांधले आणि आधी आम्हाला शेवटच्या पाळण्यापर्यंत चालवत नेलं. परत येताना भावानं काहीच घेतलं नाही. तो म्हणाला, ठरवता येत नाही.”

शेवटच्या वाक्यावर मी पेन्सिल ठेवली होती. समारोप नाही, असं अजून माझ्या हाताला वाटतं. खूण केली नाही.

नंदीध्वजाच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीवर तिघांनी लिहिलं. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून काठी पेलणाऱ्या माणसाकडे बघून काठी किती जड आहे ते कळत नाही, त्याच्या मागं चालणाऱ्यांकडे बघून कळतं. त्याला ‘कशावरून?’ विचारलं तर त्यानं उभं राहून त्यांचे पुढं धरलेले हात करून दाखवले. म्हटलं, हेच लिही. ते त्याला नीट लिहिता आलं नाही. वेळ संपला.

२५ जानेवारी, शनिवार

मागे राहिलेल्या तिघांबरोबर वेगळं बसले. दोघांचा प्रश्न वाचनाचा निघाला. स्वतः लिहिलेलं वाक्य त्यांना अडखळत वाचावं लागतं, म्हणून दुसऱ्या वाक्यापर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. त्यांच्यासाठी परिच्छेद ही आत्ताची गोष्ट नव्हे. हे मला नोव्हेंबरात पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं. प्रत्येकाकडून दोन मिनिटं मोठ्यानं वाचून घेतलं असतं तर कळलं असतं. पुढच्या वेळी पहिला तास त्यासाठीच. तिसरा मुलगा तोंडी छान सांगतो. त्याचं सांगणं मी लिहून घेतलं, त्यानं बघून उतरवलं. तीन वेळा असं केल्यावर चौथा परिच्छेद त्यानं स्वतः सुरू केला.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा तास. हिशेब : वह्या २२ × ३० = ६६० रुपये, कात्र्या ३ × ४० = १२०, स्केचपेनचे दोन संच १२०, झेरॉक्स ९० पानं १८०, वाया गेलेली कार्डशीट १५०. एकूण १२३०. बुधवार-शनिवार मिळून २५ वार आले, निवडणूक, नाताळ आणि गड्डा यांत चार गेले, २१ तास झाले. त्यांतले १३ आणि १६ नोव्हेंबर आणि ७ डिसेंबर हे तीन पूर्ण वाया, १४ डिसेंबर अर्धा. दुसरं कुणी करणार असेल तर पाहुण्या वाक्यापासूनच सुरुवात करावी, पण तो मजकूर आधी एखाद्या मुलाकडून तपासून घ्यावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची पेटी वाचनालयात ठेवली आहे, हवी त्यांनी न्यावी.

कांडीवाल्या मुलाची वही मागच्या बुधवारपासून त्याच्या घरीच राहिली होती. बाबांचं काम, असा मथळा. बोलताना त्याचा क्रम चोख होता, लिहिताना माग थांबवण्याचं वाक्य खाली चौथ्या जागी गेलं होतं. मला ते दिसलं नव्हतं, मी प्रश्नचिन्ह काढलं नव्हतं. त्यानं घरी वडिलांना वाचून दाखवलं आणि बाण कसा काढायचा तेही सांगितलं. आज वही परत आली तेव्हा चौथ्या वाक्यापासून निघालेला एक जाड बाण दुसऱ्या जागी गेलेला होता आणि समासात लिहिलं होतं, “आधी थांबव.” अक्षर त्याचं नव्हतं.